समोरच्या स्वयंपाकघरातला दिवा

दोन चाळीस.
आधी पाय उठतात, मग मी.
हाल्शका भिंतीकडे तोंड करून;
झोपेतच म्हणते, "चपला घाल."

एकतीस वर्षं वूच शहरात ट्राम चालवली.
शेवटच्या थांब्यावरच्या संडासाला कुलूप असलं
तर आणखी एक फेरी धरून ठेवायचं,
पगारात न मोजलेलं काम.
तेव्हा सगळं माझ्या ब्रेकवर थांबायचं.

ऑपरेशनला सात महिने झाले.
नळी निघाली त्या दिवशी धार अशी पडली
की मी शाळकरी पोरासारखा
आवाज ऐकत उभा राहिलो.
घरी आलो, आणि रात्री
मागचे पाढे पंचावन्न.

वाट मोकळी झाली, म्हणाली डॉक्टर,
पण मूत्राशय इतकी वर्षं
बंद दाराला खांदा लावून उभं होतं,
दार उघडलंय यावर त्याचा अजून विश्वास नाही.
वेळ लागेल.
किती, ते तिनं सांगितलं नाही.
खोटंही सांगितलं नाही.

एक वही दिली: वेळ लिहा, माप लिहा.
जॅमसाठी साखर मोजायचं भांडं हाल्शकानं मला देऊन टाकलं,
परत मागितलं नाही.
२:४० – एकशे दहा.
४:०५ – नव्वद.
५:३० – चमचाभर,
आणि पायजम्यावर दोन थेंब,
ज्यांच्यासाठी वहीत रकाना नाही.

संध्याकाळी सहानंतर चहा बंद.
रविवारी चर्चमध्ये कडेचा बाक.
फादर पापांबद्दल बोलतात,
मी खालून आवळतो, दहा मोजतो, सोडतो.
शेजारची बाई समजते, केवढी ही भक्ती.

झालं असं वाटलं तरी लगेच परतू नका,
थोडं थांबा, पुन्हा प्रयत्न करा, असंही तिनं सांगितलंय.
म्हणून मी स्वयंपाकघराच्या खिडकीत थांबतो.
अंगणापलीकडे, चौथ्या मजल्यावर,
तसाच एक दिवा,
बनियनमधला तसाच एक माणूस,
कशाची तरी वाट बघत.
आम्ही हात करत नाही.
डिसेंबरात एकदा त्यानं रिकामा कप उचलून दाखवला.

औषधाच्या दुकानात रांगेत भेटला.
दोघांच्या हातात एकाच कंपनीचं पाकीट,
दोघांनीही ते वर्तमानपत्राखाली धरलेलं.
ओनुफ्री. कापडगिरणीत रंगारी होता,
नखांच्या कडा अजून निळ्या.
"तुम्ही दोन चाळीस?"
"हो."
"मी अडीच," तो म्हणाला, जरा ऐटीत.

फेब्रुवारीत एका रात्री तो दिवा लागला नाही.
अडीच, दोन चाळीस. काळी काच.
चार वाजून पाच. काळी काच.
हाल्शकाला उठवलं. ती म्हणाली, "फोन कर."
नंबर कुणाकडे होता?
आम्ही तर नुसते दिवे.

पायजम्यावर कोट चढवून निघालो.
उणे बारा. बर्फावर माझ्याच पावलांचा करकराट,
आणि कचऱ्याच्या डब्यांपाशी पोचतो तोच
घाई. ऐन मधोमध.
पाय जुळवून उभा राहिलो, दहा मोजले, पुन्हा दहा,
वीजतारा गेलेल्या ट्रामसारखा.
मग हळूहळू निघालो.

घंटी. बराच वेळ काही नाही.
मग इंटरकॉममध्ये घोगरा आवाज:
"कोण मेलंय?"
"कुणी नाही. मला वाटलं..."
तिकडे शांतता. काहीतरी पडल्याचा आवाज. घड्याळ असावं.
"झेनोन," तो म्हणाला,
"अरे मी झोपलो होतो.
अकरापासून. सलग."

मी थंडीत उभा, दात वाजत होते,
आनंद झाला, खरंच झाला,
आणि त्याच्या मागोमाग असूयेची एक बारीक, थांबत थांबत येणारी धार.

"वर ये," तो म्हणाला. "तुला जायचं असेल ना?"

त्या दिवशीची नोंद:
५:५२ – ओनुफ्रीकडे.
मोजलं नाही.